रोडोच्या कळ्या

सात वर्षं ज्या झाडांसाठी ताईने जिवाचं रान केलं, ती विकली गेली हे तिला सगळ्यांत शेवटी कळलं. तेही कुणाकडून, तर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाईकडून! नळीच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा उडवता उडवता ती सहज म्हणाली, "ताई, बुधवारी तुमच्या रोडोंना न्यायला ट्रक येतोय म्हणे. ही रांग रिकामी झाली की इथे काय ठेवायचं?"

"कोणाचा ट्रक?"

"हॉटेलवाल्यांचा. मालकांनी दिली ना सगळी." बाईने ताईच्या तोंडाकडे पाहिलं आणि नळ बंद केला. "अगं बाई! तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत असतं तर ताई तिथे उकिडवी बसून बादलीत शेवाळ भिजवत बसली असती का? तिने ओले हात ॲप्रनला पुसले, उठली आणि तडक ऑफिसच्या केबिनकडे निघाली. वाटेत एक रिकामी कुंडी आडवी आली, ती तिने लाथेने उडवली. ताईने कुंडीला लाथ मारलेली त्या नर्सरीत आजवर कुणी पाहिली नव्हती.

नर्सरी तशी वडिलांची. जाताना त्यांनी ती धाकट्या मुलाच्या नावावर केली. नर्सरी भावाच्या नावावर आणि अक्कल बहिणीच्या, असं जुनी गिऱ्हाइकं हसत हसत म्हणायची. धाकटाही हसायचा, कारण ते खोटं नव्हतं. ताई अठ्ठावन्न वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, कुंड्या भरायच्या शेडला लागून असलेल्या खोलीत राहणारी. धाकटा बावन्नचा, डोक्यावरचे केस केव्हाच रामराम ठोकून गेलेले, पण तिच्या तोंडी अजून तो 'छोट्या'च. गिऱ्हाइकांसमोर तरी तसं म्हणू नकोस, असं त्याने तिला हजारदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी!

आता हे रोडो काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. ऱ्होडोडेंड्रॉन हे त्याचं पूर्ण नाव, पण दिवसातून पन्नास वेळा एवढी जीभ कोण वळवणार? लोकांना माहीत असतं ते थंड डोंगरावरचं, लालभडक फुलांचं. हे त्याचं गरम मुलखातलं भावंड. हे जमिनीवर सहसा उतरत नाही. दमट जंगलात मोठ्या झाडाच्या बेचक्यात बसतं, साठलेल्या पाल्यात आणि शेवाळात मुळं सोडतं, पाऊस आला की पोटभर पितं आणि उरलेलं पाणी खाली जाऊ देतं. मुळं केसांसारखी बारीक, त्यांना सतत हवा लागते. गच्च मातीत ती गुदमरतात आणि कुजतात.

बी आणून दिलं होतं एका म्हाताऱ्याने. उभा जन्म जहाजावर आचारी म्हणून काढलेला माणूस, खिडकीत ठेवायला एखादं झाड बघायला आला होता. बोलता बोलता त्याने पाकिटातून कागदाची एक पुडी काढली. बी कसलं, तपकीर! ताईने श्वास रोखूनच ते पाहिलं, नाहीतर उडूनच जायचं.

"डोंगरातल्या जंगलातून आणलंय," म्हातारा म्हणाला. "झाडावर बसलेलं झाड. फूल पांढरं, लांब नळीचं, एकेका झुबक्यात सहा-सहा."

"आणि वास?"

"वासाचं काय सांगू बाई! चाळीस वर्षं फोडण्या आणि धूर खाऊन माझं नाक मेलं होतं. त्या दिवशी जिवंत झालं."

एवढंच सांगून तो गेला. वास गोड होता की उग्र, कशासारखा होता, काही नाही. ताईने पाठीमागून विचारलं तर म्हणाला, "कशासारखा असता तर सांगितलं असतं की!" आणि तेव्हापासून हे खूळ ताईच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

ओल्या शेवाळावर तिने ते बी पेरलं, वर काचेची बरणी पालथी घातली. दीड महिन्याने हिरवं काहीतरी दिसलं, पण ते इतकं बारीक की धाकटा म्हणाला, "ताई, बुरशी आलीय." बुरशी नव्हती. वर्षभराने त्यातली शंभरेक रोपं नखाएवढी झाली. चिमट्याने एकेक उचलून तिने ती वेगळी केली. झाडाच्या सालीचे तुकडे, कोळशाचे खडे आणि थोडं शेवाळ, एवढ्यावर. मातीचा कण नाही.

मग दुसऱ्या वर्षी ताई तापाने आडवी झाली. तीन आठवडे अंथरुणात. धाकट्याने बहिणीच्या काळजीपोटी तिच्या झाडांची काळजी घेतली. गुलाबांवर त्याचा हात बसलेला, गुलाबांची जी खातिरदारी तीच यांची! समोरच्या प्रत्येक कुंडीत मूठभर काळी माती, वर मूठभर कुजलेलं शेणखत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ताई उठून शेडमध्ये आली तेव्हा रोपं मस्त हिरवीगार दिसत होती. धाकटा म्हणाला, "बघ, तुझ्या कोळशापेक्षा बरी आहेत की नाही?" खत घातल्यापासून विसाव्या दिवशी पानं लटकली. बाविसाव्या दिवशी तिने एक रोप उपटलं तर मुळांचा नुसता चिखल हातात आला. साठ रोपं गेली. जी धाकट्याच्या तावडीतून सुटून मागच्या फळीवर राहिली होती, ती एकेचाळीस वाचली.

अकरा दिवस ताई भावाशी बोलली नाही. पण तिला एक गोष्ट कायमची कळली. हे झाड मरायला लागलं तरी वीस दिवस ते दाखवत नाही.

आणि या वर्षी कळ्या आल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस झाडांवर! फांदीच्या टोकाला आधी नुसता फुगवटा, मग खवले खवले असलेली, अंगठ्याएवढी टपोरी कळी. चार महिने त्या भरत होत्या. ताई सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी त्यांना बघून यायची. भावजय म्हणायची, "वन्सं, घरात माणसंही राहतात बरं का, त्यांनाही कधी बघत जा." पण तीही येता-जाता वाकून बघायचीच. वास कसा असेल यावर त्यांच्यात पैजा लागायच्या.

त्याच कळ्या एका कंत्राटदाराने पाहिल्या. मोठमोठ्या इमारतींपुढे बागा उभ्या करून द्यायचा त्याचा धंदा. तो आला होता कुंपणाची रोपं बघायला, आणि धाकट्याला राहवलं नाही. "या फुलल्या ना साहेब, की अख्खं आवार घमघमेल!" उचलली जीभ लावली टाळ्याला! याने तरी कुठे वास घेतला होता? कंत्राटदाराने घेतला नव्हता, ताईने घेतला नव्हता. ज्या वासाचा सौदा झाला तो त्या गावात कुणाच्याच नाकाला माहीत नव्हता.

केबिनमध्ये धाकटा फोनवर होता. ताईने त्याच्या हातातून फोन घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

"छोट्या, रोडो कुणाला विचारून विकले?"

"अगं, तुला सांगणारच होतो..."

"कधी? ट्रक फाटकाबाहेर गेल्यावर?"

"ताई, नर्सरी आहे ही. झाडं विकायला असतात." त्याने खुर्ची मागे सरकवली. "चाळीस त्यांना, एक तुला ठेवलंय. मी काय इतका वाईट आहे का?"

"लावणार कशी आहेत ते विचारलंस?"

त्याने विचारलं नव्हतं. त्याच्या तोंडावरच ते दिसलं.

मग ताई स्वतः गेली विचारायला. सोमवारी सकाळी, कामाचे बूट तसेच पायात, दोन बस बदलून. नवं हॉटेल, काचाच काचा. दाराशी फरशी कापायचं मशीन किंचाळत होतं आणि सगळीकडे पांढरी धूळ. पोर्चच्या दोन्ही बाजूंनी लांबलचक चर खणलेला होता. ताईने वाकून पाहिलं. तळाशी विटांचे तुकडे, सिमेंटचा थर, त्यावर काल सांडलेलं पाणी अजून तसंच उभं. बाजूला काळ्या मातीचा ढीग आणि खताची पोती.

कंत्राटदार बोलायला चांगला होता. त्याने तिला सावलीत खुर्ची दिली, चहा मागवला.

"या चरात उतरवणार झाडं?" ताईने विचारलं.

"हो. कुंडीतून काढायची, माती भरायची, दाबून घ्यायची. वर गवत."

"मरतील ती. त्यांना माती चालत नाही. हे बघा, मी तुम्हाला दुसरं सुचवते. माझ्याकडे जुन्या झाडांचे ओंडके आहेत, त्यांच्यावर बांधून देते. फार सुंदर दिसतील. ते नको असेल तर कुंड्यांसकट ठेवा, वरून झाका, समारंभ झाला की मी स्वतः परत घेऊन जाते. एक दमडी नको."

"ताई, तुमचं बरोबर असेल. पण नकाशा मंजूर झालाय. मालकांना झाडं जमिनीतून वर आलेली हवीत. आता कुठे मी ओंडके दाखवत फिरू?"

"अहो, पण मरतील!"

कंत्राटदाराने चहाचा कप खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "किती दिवसांत?"

"वीस-बावीस."

त्याने बोटांवर मोजलं आणि त्याचा चेहरा खुलला. "मग झालं की! उद्घाटन आठव्या दिवशी आहे. घाबरवलंत तुम्ही मला. त्यानंतर आम्ही तिथे तशीही हंगामी फुलं लावणार आहोत. तुमची काढूनच टाकायची आहेत."

हे तो तिला धीर द्यायला बोलला, बरं का! त्याला खरंच वाटलं की आता बाईची काळजी मिटली. ताई त्याच्याकडे बघत राहिली. चिडून दोन शब्द बोलावेत तर समोर दुष्ट माणूसही नव्हता. तिने चहा तसाच ठेवला आणि उठली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि परतीच्या दोन्ही बसमध्ये ती तिथेच राहिली.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिघंच होती. ताईने सगळं सांगितलं. धाकटा ताटातून मान वर करत नव्हता.

"उद्घाटन झालं की उपटून फेकणार आहेत ती," ताई म्हणाली. "कचऱ्यात. कळतंय का तुला?"

"विकलेल्या मालाचं पुढे काय होतं ते आपण बघत बसायचं नसतं ताई."

"माल?"

"मग काय म्हणू? तू ती विकायलाच वाढवलीस ना?"

"विकायला वाढवली. मारायला नाही. कुणी एकाने येऊन म्हणावं, मला एक द्या, मी सांभाळेन, मी आत्ता देते. फक्त अर्धा तास माझं ऐकून घ्यावं लागेल त्याला."

"म्हणूनच कुणी येत नाही," भावजय पुटपुटली. ताईने तिच्याकडे पाहिलं तशी ती पाण्याचा जग भरायला उठली.

धाकट्याने घास खाली ठेवला. "हे बघ, मी शब्द दिलाय. या माणसाकडून वर्षभराचं काम येणार आहे. शेडचं छप्पर गळतंय, पाण्याची मोटर केव्हा बंद पडेल सांगता येत नाही. आणि शेवटी नर्सरी माझ्या नावावर आहे. झाडं माझी आहेत."

"नर्सरी तुझी, कबूल. झाडं कुणाची ते त्या साठ झाडांना विचार, ज्यांना तू खत घातलंस."

"पाच वर्षं झाली त्याला! अजून तेच?" तो ओरडला. त्याचे कान लाल झाले होते. त्या गोष्टीची लाज त्याला अजून वाटत होती, आणि लाज वाटली की हा माणूस ओरडायचा, लहानपणापासून. "बुधवारी नऊ वाजता ट्रक लागेल. आणि तू मध्ये पडणार नाहीस. ऐकलंस?"

"ऐकावं जनाचं," ताई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. या म्हणीचा पुढचा अर्धा भाग शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पण धाकट्याचं डोकं तापलेलं, त्याच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारचा दिवस तिने विचारात काढला. फाटकाला कुलूप लावावं? भाऊ तोडेल. झाडं लपवावीत? एकेचाळीस कुंड्या काय खिशात घालायच्या? ट्रकपुढे आडवं पडावं? दोन माणसं उचलून बाजूला ठेवतील आणि वर हसतील. हात जोडून झाले होते, ओंडके देऊन झाले होते. उपाय एकेक करून संपले. दुपारी ती रांगेपुढे एक क्रेट पालथं घालून बसली आणि कळ्यांकडे बघत राहिली. कंत्राटदाराला यातलं नेमकं काय हवंय? पानं त्याला नको होती. मुळांशी, खोडाशी, सात वर्षांशी त्याला घेणं-देणं नव्हतं. त्याला दारात आठ दिवस वास हवा होता.

मग तिला ते सुचलं. सुचलं आणि तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, जणू ते आत्ताच सुटून जातील. "नाही," ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. संध्याकाळपर्यंत ती नाहीच म्हणत होती.

बुधवारी फटफटलं तसं ती वेताची पाटी घेऊन शेडमध्ये गेली.

पहिल्या झाडापाशी तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. कळीच्या बुडाशी अंगठा आणि बोट धरून बाजूला दाबलं की ती मोडते. बारीकसा आवाज येतो, कट्. झाडाला त्रास होत नाही, उलट पुढच्या बहाराला त्या जागी दोन फांद्या फुटतात. हे तिला माहीत होतं, हे ती शिकाऊ लोकांना गेली तीस वर्षं शिकवत आली होती. तरी हात धजेना. चार महिने रोज सकाळी जिच्याशी ती बोलली ती कळी! "शेंडी तुटो की पारंबी," ती म्हणाली आणि मोडली. मग दुसरी. मग तिसरी. पाचव्या झाडापासून हात भराभर चालायला लागला. ती थांबली असती तर पुन्हा सुरू करू शकली नसती, म्हणून थांबली नाही.

भावजय चहा घेऊन आली तेव्हा चाळीस झाडं झाली होती. तिने आधी पाटी पाहिली, मग रांग पाहिली. कपातला चहा बशीत हिंदकळला.

"वन्सं! हे काय केलंत?"

"दिसतंय ना?"

"अहो, हे घरात काय रणकंदन माजवतील, कल्पना आहे का तुम्हाला?"

"आहे."

एकच झाड उरलं होतं, रांगेच्या टोकाचं. धाकट्याने 'तुला ठेवलंय' म्हटलं होतं ते कुठलं हे त्याने दाखवलं नव्हतं, पण निवडायला सांगितलं असतं तर ताईने हेच निवडलं असतं. त्याची मधली कळी सगळ्यांच्या पुढे होती. खवले गळून पडले होते आणि आतून सहा पांढऱ्या नळ्या बाहेर आल्या होत्या, तोंडं अजून मिटलेली. उद्या उघडली असती. ऊन चांगलं पडलं तर आजच दुपारी.

ताईचा हात कळीशी गेला आणि थांबला.

भावजयने ते पाहिलं. ती एरवी नणंदेला टोमणे मारल्याशिवाय पाणी न पिणारी बाई, पण आता तिचा आवाज बदलला. "हे राहू द्या वन्सं. एवढं एक राहू द्या. मी तुमच्या खोलीत नेऊन ठेवते, वर चादर टाकते. कुणाला सांगणार नाही, माझी शपथ. सात वर्षं... निदान एकदा वास तरी घ्या."

ताईला तो वास हवा होता. आयुष्यात तिने स्वतःसाठी फार गोष्टी मागितल्या नव्हत्या, ही एक मागितली होती. आणि ती बोटांच्या चिमटीत होती, एका दिवसाच्या अंतरावर.

"खोलीत ठेवलं की वास दाराच्या आत बसेल का?" ती शेवटी म्हणाली. "शेडभर पसरेल. छोट्या येईल, वास घेईल. वेडा होईल तो, मी ओळखते त्याला. मग गिऱ्हाइकांना बोलावून दाखवेल. या एका वासावर बाकीची चाळीस तो पुढच्या सालासाठी आजच विकून मोकळा होईल. आणि मग मी काय करू? तेव्हा सगळ्या जगाला माहीत असेल, काय मिळणार आहे ते."

"पण तुम्हाला..."

"मला काय? मला नाक एकच आहे. झाडं एकेचाळीस आहेत."

आणि तिने ती कळी मोडली. मोडल्यावर मात्र तिला राहवलं नाही, तिने ती नाकाशी नेली. कशाचाच वास नव्हता. कच्चं पान चुरडल्यावर येतो तेवढाच, हिरवा. तिला रडू फुटलं. रडतेय म्हणून स्वतःचाच राग आला, आणि राग आला म्हणून आणखी रडली. भावजयने कप खाली ठेवला. तिने त्या झाडाच्या उरलेल्या दोन कळ्या पाहिल्या, नणंदेकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हाताने मोडून पाटीत टाकल्या.

"चहा गार झाला," ती म्हणाली. "दुसरा आणते. आज पोटात काहीतरी असू द्या, लागणार आहे."

नऊला पाच कमी असताना ट्रक लागला. पुढून कंत्राटदार उतरला, केबिनमधून धाकटा हातात कागद घेऊन लगबगीने बाहेर आला. दोघं बोलत बोलत शेडमध्ये शिरले. कंत्राटदार रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. पुन्हा गेला. एकेचाळीस कुंड्या, तरतरीत हिरव्या. पांढरं काही नाही.

"कळ्या कुठायत?" त्याने विचारलं.

ताई पुढे झाली आणि पाटी त्याच्या पायांशी ठेवली. "या घ्या. एकशे सोळा आहेत. तुम्हाला फुलंच हवी होती ना? झाडं तर तुम्ही फेकणार होतात."

धाकट्याच्या हातातला कागद खाली पडला. त्याने वाकून पाटीत हात घातला, मूठभर कळ्या उचलल्या आणि त्यांच्याकडे बघतच राहिला.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" कंत्राटदाराचा चांगुलपणा संपला होता. "पुढच्या बुधवारी उद्घाटन आहे! आता मी दारात काय लावू?"

"प्लॅस्टिकची लावा. वीस काय, दोनशे दिवस टिकतील. अधूनमधून फडक्याने पुसली की झालं."

ट्रकचा ड्रायव्हर फिस्सकन हसला आणि मालकाचं तोंड बघून पाठमोरा झाला. कंत्राटदाराने धाकट्याकडे बोट केलं. "तुझ्याकडून यापुढे गवताची काडीसुद्धा घेणार नाही. आणि चार जणांना सांगेन." तो तरातरा गेला. ट्रक रिकामा आला तसा रिकामा परत वळला.

मग धाकटा फुटला. अर्धा तास तो ओरडत होता. बहिणीने घर बुडवलं, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, वडील असते तर काय म्हणाले असते, सगळं निघालं. बायकोवर घसरला, "तू होतीस ना इथे? थांबवलं का नाहीस?"

"मी चहा घेऊन आले होते," भावजय म्हणाली.

"खोली रिकामी कर!" तो ताईला म्हणाला. "आजच्या आज!"

"करते. झाडं घेऊन जाईन."

"झाडांना हात लावायचा नाही!"

"मग खोली सोडणं राहिलं. पाणी कोण घालणार त्यांना, तू?"

तो धपकन पालथ्या क्रेटवर बसला. मुठीतल्या कळ्या अजून मुठीतच होत्या, घामाने ओल्या झालेल्या. बोलला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"एक तरी ठेवायचं होतंस ताई. मलाही बघायचं होतं. तुला काय वाटतं, मला नव्हतं बघायचं?"

"मग बघायचं होतंस. विकायला कशाला काढलंस?"

तो कळ्यांकडे बघत राहिला. "आता पुन्हा कधी येतील?"

"झाडं धड राहिली तर वर्षाने. कदाचित दीड."

"आणि तेव्हा कुणी मागितली तर?"

ताईने त्याच्या मुठीतल्या कळ्या काढून पाटीत टाकल्या आणि पाटी उचलली.

"कशी लावणार ते विचारेन. नीट सांगितलं तर देईन, वर पायलीभर कोळसा फुकट देईन. मातीत पुरणार म्हणाला, तर त्या दिवशी सकाळी पुन्हा मोडीन. त्याच्या पुढच्या वर्षीही मोडीन. मी वास न घेता मेले तरी चालेल छोट्या, पण ती माझ्या आधी मरायची नाहीत."